नेहमीच्या आठवड्यात किती दिवस?

पहाटे ५.४५

कांद्याची लागवड सुरू झाली की शिरूर तालुक्याच्या या बाजूला बाईमाणूस घरात गाठायचं ते उजाडायच्या आतच. सव्वासातला वस्तीवर टेम्पो येतो. एकदा का बायका त्यात चढल्या की दिवेलागणीलाच परत. म्हणून आमची गाडी अंधारात निघते. पिशवीत टॅब, चित्रांची कार्डं, संमतीपत्रं, अंगठ्यासाठी शाईचा पॅड, आणि काड्यापेटीपेक्षा जरा लहान डबी अडकवलेले इलॅस्टिकचे पट्टे.

काम दुहेरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शारीरिक हालचालींची प्रश्नावली, जिला आम्ही सगळे ‘जीपॅक’ म्हणतो, ती विचारायची. आणि त्याच माणसाच्या कमरेला सात दिवस अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे हालचालीचे धक्के मोजणारी ही डबी, बांधायची. मग तोंडानं काय सांगितलं आणि कमरेनं काय सांगितलं हे शेजारी शेजारी ठेवायचं. दोन्ही जुळली असं फारसं होत नाही. का जुळत नाहीत, यातच माझी नोकरी आहे.

सकाळी ६.१५

पहिलं घर पत्र्याचं. चुलीवर भाकरी चाललेली, आणि मी उंबऱ्याशी टॅब घेऊन. बाईंचं वय पंचेचाळीसच्या आसपास. शेत स्वतःचं नाही, लागवडीच्या टोळीबरोबर जातात.

जीपॅकमध्ये सोळा प्रश्न. काम, येणं-जाणं आणि फुरसत असे तीन भाग, शेवटी दिवसात किती वेळ बसून असता हा एक. काम आणि फुरसत या भागांत तीच विचारणा : श्वास आणि छातीचे ठोके खूप वाढतील किंवा थोडे वाढतील असं काही सलग निदान दहा मिनिटं करता का, नेहमीच्या आठवड्यात किती दिवस, आणि अशा दिवशी किती वेळ.

“न्हेमीचा आठवडा म्हंजी कंचा?” बाईंनी तव्यावरची भाकरी उलटत विचारलं. “आत्ता लागवड हाय तर रोज. ही झाली की खुरपणी, ती मिळंल तवा. मग काढणी. मधी पंधरा-पंधरा दिवस हात बांधून बसायचं. त्यातला न्हेमीचा तुमीच सांगा.”

जिनिव्हात बसून प्रश्न बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सोमवार ते शुक्रवार कामावर जाणारा माणूस असावा, असा माझा जुना संशय आहे. मजुराच्या वर्षात नेहमीचा आठवडा नसतो, हंगाम असतात. मला मात्र शून्य ते सात यांतला एक आकडा भरायचा असतो. रिकामा चौकोन टॅब पुढे सरकू देत नाही.

दिवस मिळाले तरी वेळेचा घोळ उरतोच. काम उक्तं असतं, एकराच्या हिशोबानं. “किती तास?” या प्रश्नाला उत्तर येतं, “काल पाऊण एकर झालं.” त्यामुळे मी तास विचारत नाही. टेम्पो कधी आला, पहिला चहा कधी, भाकरी खायला किती वाजता बसलात, परत टेम्पोत कधी चढलात, असं पुढं पुढं नेत जाते आणि बेरीज मनात करते. प्रशिक्षणात सांगतात, प्रश्न लिहिलाय तसाच वाचा. मी तसा वाचते, आणि मग हे सगळं विचारते.

पुढचा खोडा जोराचा. कार्डावर चित्रं आहेत : ओझं वाहणारा माणूस, खोदणारा माणूस. रोपं लावणारी वाकलेली बाई त्यात नाही. “धाप लागते का?” “धाप न्हाई लागत. कंबर ऱ्हात न्हाई.” प्रश्न श्वासाचा आहे, कमरेचा नाही. म्हणून दिवसभर वाकून केलेली लागवड ‘मध्यम’ या खान्यात गेली. मध्यम कामाला दर मिनिटाला चार मेट धरतात, जोरकस कामाला आठ. शांत बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तो एक मेट. या माऊलीची कंबर चारमध्ये बसली.

टेम्पोचा हॉर्न वाजला. गेल्या आठवड्यात बांधलेला पट्टा त्यांनी निऱ्यांच्या वरून काढून दिला. “टोळीतल्या सगळ्या इचारत्यात, बीपीचं मशीन हाय का म्हनून.”

सकाळी ८.००

गाव ते तालुका पाऊण तासाचा रस्ता. नवीन लागलेला मुलगा एम.एस.डब्ल्यू. करून आलाय, त्याला प्रश्न पडतात हे चांगलं आहे. आजचा प्रश्न : “ताई, ही प्रश्नावली तपासलेली असेल ना?”

तपासलेली आहे, तीही कितीदा तरी. जीपॅकची थोरली बहीण ‘आयपॅक’. १९९८ साली जिनिव्हात तज्ज्ञ जमले, कारण प्रत्येक देश आपापले प्रश्न विचारत होता आणि आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नव्हते. त्यांची प्रश्नावली बारा देशांत तपासली गेली, निकाल २००३ मध्ये छापून आला. त्याच माणसाला काही दिवसांनी पुन्हा विचारलं तर उत्तरं छान जुळली, सहसंबंध ०.८ च्या घरात. कमरेच्या यंत्राशी ताडून पाहिलं तर ०.३. पुढे जीपॅक नऊ देशांत तपासली, त्यात भारतही होता. २००९ चा तो अहवाल : पुन्हा विचारल्यावर ०.६७ ते ०.८१, यंत्राशी ०.०६ ते ०.३५.

“म्हणजे लोक दोन्ही वेळा तेच सांगतात, पण ते खरं नसतं?”

बरोबर पकडलं पोरानं. विश्वासार्ह आणि अचूक या दोन वेगळ्या गोष्टी. दहा मिनिटं मागे असलेलं घड्याळ रोज दहाच मिनिटं मागे असतं.

१९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या हृदयविकाराची तुलना केली, तेव्हा कुणाला काही आठवायला लावलं नव्हतं. ड्रायव्हर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करणारा. हुद्द्यावरूनच भागलं. हल्ली हुद्दा विचारून तेवढं कळत नाही, म्हणून सोळा प्रश्न.

सकाळी ९.१०

तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी करणारे सर. वय बावन्न, साखर वाढलेली, डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. आम्ही आरोग्याचं विचारायला आलोय हे कळताच त्यांनी पायातल्या स्पोर्ट शूजकडे माझं लक्ष जाईल असे पाय पुढे घेतले.

“रोज पाऊण तास. ब्रिस्क वॉक.”

सात दिवस, पंचेचाळीस मिनिटं, चार मेट : १२६०. आठवड्याला ६०० च्या वर गेलं की माणूस ‘पुरेसा सक्रिय’. सर आरामात उत्तीर्ण.

आतून वहिनींचा आवाज आला, “रोज?”

मग थोडं घरगुती संभाषण झालं, ते टॅबमध्ये भरायला जागा नाही. त्यातून निघालेलं असं : थंडी सुरू झाल्यापासून आठवड्यातून चारेक दिवस, मारुतीपर्यंत जाऊन परत, जेमतेम अर्धा तास, त्यात वर्तमानपत्र घेणंही आलं. चार दिवस, तीस मिनिटं, चार मेट : ४८०. सर अनुत्तीर्ण.

सर खोटं बोलले असं मला वाटत नाही. त्यांनी जो आठवडा सांगितला तो त्यांना आपला वाटतो. दोन आठवडे नियमानं गेले असतील, ते लक्षात राहिले. चुकलेले दिवस काही लक्षात राहत नाहीत. शिवाय समोर ओळखपत्र लटकवलेली बाई बसली की उत्तराला इस्त्री होतेच. गोल आकडे हीसुद्धा एक खूण आहे. अर्धा तास, पाऊण तास, तासभर. बावीस मिनिटं चालतो असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आणि हे काही आपल्याकडचंच नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २००५-०६ मध्ये विचारलं, तेव्हा ६२ टक्के प्रौढ शिफारशीइतके हलत होते. कमरेला यंत्र बांधलं तेव्हा दहा टक्केही नव्हते. इंग्लंडमध्ये २००८ साली सांगण्यावरून ३९ टक्के पुरुष आणि २९ टक्के बायका, यंत्रावरून ६ आणि ४. दरी एवढी मोठी असते तेव्हा दोष फक्त बढायांचा नसतो. माणूस ‘तासभर बॅडमिंटन’ म्हणतो त्यात बूट बांधणं, गप्पा, कोर्ट रिकामं होण्याची वाट पाहणं हे सगळं धरलेलं असतं. यंत्र फक्त हललेली मिनिटं मोजतं.

मी सरांचं उत्तर त्यांनी दिलं तसं भरलं. वहिनींना विचारलेलं नव्हतं.

सकाळी १०.४५

दोन गल्ल्या सोडून पुढचं घर. उत्तर द्यायचं सुनेनं, आणि खुर्ची ओढून बसल्या सासूबाई.

“घरातली कामं, त्यात श्वास थोडा वाढेल अशी?”

“ती कुठं काय करते? मिक्सर आहे, वॉशिंग मशिन आहे,” सासूबाई. सून माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “नाही मॅडम, विशेष काही नाही.” हे सांगताना ती पाण्याची दुसरी कळशी खालून आणून ठेवत होती. नळ खाली, घर दुसऱ्या मजल्यावर.

उत्तर शून्य भरलं तर ही बाई निष्क्रिय. आणि समजा सासूबाई नसत्या, तिनं मोकळेपणानं “दिवसभर कामच असतं की, सहा तास तरी” असं म्हटलं असतं, तर? सहा तास, सात दिवस, चार मेट : १०,०८०. त्या बँकेतल्या सरांच्या छापील उत्तराच्या बरोबर आठपट. एकाच बाईची दोन उत्तरं, एक शून्य आणि एक दहा हजारांवर, आणि फरक कशाचा तर खोलीत कोण बसलं होतं याचा. खरं या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. भांडी घासणं आणि कळशी घेऊन जिना चढणं यांना एकाच मापानं चार मेट देणं हेही धाडसच.

यावर मला एक गोष्ट फार पटते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत असं ‘नेहमीचं’ काही विचारलंच नव्हतं. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण, आणि त्या त्या अर्ध्या तासात काय केलं एवढंच. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. काल साडेदहाला काय करत होतीस, असं विचारलं की सासूलाही “काही नाही” म्हणता येत नाही. अर्थात अशा रोजनिशीत श्वासाचा जोर कळत नाही, आणि एका माणसामागे वेळही फार जातो. पैसे देणाऱ्यांना सोळा प्रश्न परवडतात.

मुलाखत एकांतात घ्यायची असा नियम आहे. मी फॉर्म ‘अपूर्ण’ म्हणून बंद केला, सासूबाईंनी केलेला चहा घेतला आणि निघाले.

दुपारी १.००

एस.टी. स्टँडमागच्या बाकावर डबा. मुलानं फोनमधली पावलं दाखवली, आपण बरंच चाललो म्हणून तो खूश. माझा फोन सकाळपासून गाडीत चार्जिंगला, म्हणजे मी आज एकही पाऊल टाकलेलं नाही. घरोघरी असंच आहे : नवऱ्याचा फोन खिशात आणि बायकोचा फ्रिजवर.

दुपारी २.१५

ऑफिसात परत आलेले पट्टे संगणकाला जोडायचे. हा माझा आवडता तास, आणि प्रश्नावलीला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तरी माझ्याशेजारी बसून तो पाहावा.

सकाळच्या बाईंची डबी लावली. पडद्यावर सात दिवसांचे उभ्या रेघांचे झुपके. दिवसाला निदान दहा तास पट्टा कमरेला होता का, असे निदान चार दिवस मिळाले का, हे आधी पाहायचं. यांचे मिळाले. पहाटे झुपका : पाणी, झाडलोट. टेम्पोपर्यंत चालणं, आणखी एक. मग सात-आठ तास जवळजवळ सपाट, मधूनमधून बारीक टोकं. संध्याकाळी पुन्हा झुपका.

ते सपाट दिसतंय ती लागवड. बाई वाकलेली आहे, हात सतत चालतायत, कंबर मात्र जागच्या जागी, तसूतसू मागे सरकणारी. यंत्र कमरेला आहे आणि त्याला धक्के मोजता येतात, ओणवं राहण्याचे कष्ट मोजता येत नाहीत. प्रश्नावलीनं तिला मध्यम म्हटलं, यंत्रानं तिला बसलेल्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं. दूध घालायला सायकलवरून जाणाऱ्या माणसाचंही असंच. पाय गोल फिरतात, कंबर सीटवर. डोक्यावर भारा असो की नसो, यंत्राला चालणं तेवढंच दिसतं.

शिवाय किती धक्क्यांना ‘मध्यम’ म्हणायचं? फार वापरली जाणारी एक रेषा आहे मिनिटाला १९५२ ची. ती १९९८ साली अमेरिकेत पन्नास तरुण-तरुणींना ट्रेडमिलवर चालवून-पळवून काढलेली. ती रेषा आम्ही शिरूर तालुक्यातल्या पंचेचाळिशीच्या मजूर बाईला लावतो, आणि तिचं उत्तर त्या रेषेशी जुळलं नाही की म्हणतो, बाईंना नीट सांगता आलं नाही!

खरंखुरं माप आहे, नाही असं नाही. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला द्यायचं, पुढचा आठवडा-दोन आठवडे लघवीचे नमुने घ्यायचे. दोन्ही मूलद्रव्यं शरीराबाहेर पडण्याच्या वेगातल्या फरकावरून एकूण ऊर्जाखर्च निघतो. तंत्र उत्तम, खर्च आमच्यासारख्यांना न झेपणारा. आणि त्यातूनही एकूण बेरीजच कळते. ती कांद्यात खर्च झाली की जिन्यात, हे नाहीच कळत.

२००८ मध्ये काही संशोधकांनी अशा तुलना केलेले १७३ अभ्यास एकत्र मांडले. सांगितलेलं आणि मोजलेलं यांचा सहसंबंध उणे ०.७१ पासून ०.९६ पर्यंत कुठेही. काही ठिकाणी लोकांनी जास्त सांगितलेलं, काही ठिकाणी कमी. २०११ मध्ये आयपॅकच्या छोट्या आवृत्तीच्या २३ अभ्यासांचा आढावा आला, त्यात बहुतेक ठिकाणी उत्तरं फुगलेली, सरासरी ८४ टक्क्यांनी.

“मग सगळ्यांची उत्तरं त्या हिशोबानं खाली आणायची,” मुलगा म्हणाला.

इथेच तर सगळं अडतं. चूक सगळ्यांची सारखी असती तर एका भागाकारानं काम झालं असतं. बँकेतल्या सरांची फुरसत फुगते. सुनेचं घरकाम कधी गायब होतं, कधी डोंगराएवढं होतं. लागवडवाल्या बाईंच्या बाबतीत तर प्रश्नावली यंत्रापेक्षा सत्याच्या जवळ असावी असं मला वाटतं. माणूस काय काम करतो, बाई आहे की पुरुष, कुणासमोर बोलतोय, यावर चुकीची दिशा ठरते. एकाच आकड्यानं सगळ्यांना दुरुस्त करायला निघालो तर आधीच नीट न मोजलेल्यांचं माप आणखी कमी होईल.

संध्याकाळी ५.३०

पुन्हा विचारण्याची फेरी. दहा-बारा दिवसांपूर्वी विचारलेल्या काहींना तेच प्रश्न. रसवंतीवाले भाऊ हसून म्हणाले, “मागल्या वेळी काय सांगितलं होतं तेच लिहा की.” हे उत्तर धरलं तर आमची विश्वासार्हता शंभर टक्के.

रात्री ८.००

घरी. स्वयंपाक उरकून टॅबमधली दिवसाची तपासणी, मग पुण्याहून संख्याशास्त्राच्या सरांचा फोन.

आज लाल खूण आलेला एकच फॉर्म. ऊसतोडीला आलेल्या जोडप्यातल्या पुरुषाचा, काल मुलानं भरलेला. काम सतरा तास. जीपॅकच्या नियमानुसार एखाद्या प्रकारात दिवसाला सोळा तासांच्या वर उत्तर आलं तर ते अशक्य मानून गाळायचं.

“गाळू या,” सर म्हणाले.

मी त्यांना तोड कशी चालते ते सांगितलं. पहाटे अंधारात फडात, दुपारपर्यंत तोडणी, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणं, आणि कारखान्यावरून ट्रॅक्टर कधी येईल त्यावर रात्रीची भरणी. सतरा तास सलग कोयता नाही चालत, मधलं थांबणंही त्यात आलंय. पण फॉर्म गाळला तर आमच्या यादीतला सगळ्यात जास्त राबणारा माणूसच यादीतून जातो, आणि राहतात ते बूट दाखवणारे.

सर चांगले आहेत, ऐकून घेतात. पण नियम मोडला तर आपले आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशेजारी ठेवता येणार नाहीत, हेही त्यांचं खरं. शेवटी गाळून एक हिशोब आणि ठेवून एक हिशोब, असे दोन करायचे ठरलं. शेऱ्याच्या चौकोनात मी ट्रॅक्टरबद्दल दोन ओळी लिहिल्या. तो चौकोन कुणी वाचत नाही हे मला माहीत आहे.

मग त्यांनी विषय काढला तो त्या गाजलेल्या आकड्याचा. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलं की २०२२ साली भारतातले ४९.४ टक्के प्रौढ पुरेसे हलत नव्हते, बायकांत ५७ आणि पुरुषांत ४२ टक्के. वर्तमानपत्रांनी ‘निम्मा देश आळशी’ असे मथळे सजवले. या अंदाजाच्या मुळाशी असेच प्रश्न आहेत. त्याआधी २०१४ मध्ये आयसीएमआर-इंडियाबचा अभ्यास आला होता, त्यात महाराष्ट्रही होता. त्यातही जीपॅकच, आणि निष्क्रिय निघाले ५४.४ टक्के. त्या अभ्यासात फुरसतीत व्यायाम करणारे दहा टक्क्यांहून कमी होते. हा आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण व्यायामाला मुद्दाम जाणं लोकांना आठवतं. उरलेलं सगळं काम-येणं-जाणं, तिथेच प्रश्नावली लंगडते.

“म्हणजे तुमचं म्हणणं, प्रश्नावली टाकून द्यावी?” सरांनी विचारलं.

मुळीच नाही. कोण जास्त हलतं आणि कोण कमी, याची ढोबळ रांग ती लावते, आणि ती रांग उपयोगाची आहे. पन्नास वर्षं त्याच रांगेवरून हालचाल आणि आयुष्य यांचं नातं सापडत आलं. २०१९ मध्ये यंत्रानं मोजलेल्या छत्तीस हजारांवर लोकांचा हिशोब ‘बीएमजे’त आला, तेव्हा ते नातं प्रश्नावलीनं दाखवलं होतं त्याहून सुमारे दुप्पट घट्ट निघालं. म्हणजे उत्तरांतल्या गोंधळानं फायदा उलट कमीच दाखवला होता. माझी तक्रार एवढीच की रांग लावायच्या साधनानं टक्के मोजू नयेत. आणि बायका पुरुषांपेक्षा पंधरा टक्क्यांनी जास्त निष्क्रिय असं छापायच्या आधी मुलाखतीच्या वेळी खोलीत कोण कोण होतं हे विचारावं.

सर म्हणाले, हे शेवटचं अहवालात घालू या. बघू घालतात का.

रात्री ९.४०

उद्याची यादी. दोन पट्टे परत आलेले नाहीत, एक बहुधा लेकरानं हौदात टाकलाय. पहाटेची दोन घरं मी करीन. मुलाला निरोप पाठवला : उद्या गुरुवार, सासूबाई अकराला मठात जातात. सव्वाअकराला तिथे पोच, फॉर्म नव्यानं उघड, आणि नळ कुठल्या मजल्यावर आहे ते शेऱ्यात लिही.